थांब्या मारुतीचे रंगराव

मंडईकडून स्वारगेटच्या दिशेनं निघालं की डाव्या हाताला एक बोळ लागतो. बोळ इतका अरुंद की समोरून ओळखीचा माणूस आला तर बोलावंच लागतं; पुण्यात ही मोठीच गैरसोय. बोळाच्या टोकाला झरेश्वराचं देऊळ आहे, पण ते लांबून दिसत नाही, कारण ते रस्त्याच्या खाली आहे. बांधलं तेव्हा चांगलं कमरेइतक्या जोत्यावर होतं. मग सातआठशे वर्षांत भोवती माती चढली, वस्ती चढली आणि अलीकडे दर निवडणुकीला डांबराचा एकेक थर चढतो आहे. त्यामुळे देवाला जायचं म्हणजे सात पायऱ्या उतरून जावं लागतं.

"इतर ठिकाणी देवासाठी चढावं लागतं. आमच्याकडे उतरायचं. म्हाताऱ्यांची सोय आहे," असं रंगराव गुरव सांगत.

"पण परत जाताना चढावं लागतंच ना?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "मग जायची घाई कशाला करता? बसा की."

आणि माणूस बसला की संपला. रंगराव त्याला देऊळ दाखवायला सुरुवात करत.

झरेश्वराची पूजा रंगरावांच्या घराण्याकडे किती पिढ्यांची होती हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण विचारलं तर "बावीस" म्हणत. एकवीस म्हटलं तर लोकांना ठरवून सांगितल्यासारखं वाटतं, बाविसावर विश्वास बसतो. शिक्षण सातवीपर्यंत. मात्र एकोणीसशे अडुसष्ट साली एक प्राध्यापक देवळाची मापं घ्यायला आले होते आणि टेपचं दुसरं टोक धरायला त्यांना माणूस हवा होता. रंगरावांनी अकरा दिवस ते टोक धरलं. तेवढ्या काळात ते गर्भगृह, अंतराळ, जंघा, वितान असे शब्द शिकले आणि नंतरची तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ते पुरवून पुरवून वापरले.

त्यांच्या सांगण्यात तीन भाग असत. पहिली देवांची गोष्ट, दुसरी माणसांची आणि तिसरी ट्रस्टची.

देवांच्या गोष्टीत हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असे. सभामंडपाला सोळा खांब, एकासारखा दुसरा नाही. कुठे घंटांची माळ, कुठे हंसांची रांग, कुठे नुसती वेलबुट्टी. सोळावा खांब मात्र कोरा. का, तर भीमानं तो उभा केला आणि तेवढ्यात कोंबडा आरवला. माणसांच्या गोष्टीत पांडव गुपचूप बाजूला होत आणि यादवांच्या काळातले पाथरवट येत. "इथे चुना नाही, शिसं नाही. दगडात खाच, खाचेत दगड. एकमेकांच्या वजनावर उभे आहेत," हे सांगताना रंगराव दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवत. वर बघितलं की छताला दगडाचंच उलटं कमळ. त्याच्यावरचं शिखर विटा-चुन्याचं, ते पुढे पेशवाईत कुणीतरी बसवलं. त्याच्या कोनाड्यात ऋषींच्या रांगेत एक पगडीवाला बसला आहे, तो बहुधा पैसे देणारा. तिसरी, ट्रस्टची गोष्ट सगळ्यात आखूड. ट्रस्टनं ओट्याला पांढऱ्या चकचकीत फरश्या लावल्या. "या एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या," रंगराव म्हणत, "पुढे चला."

पण झरेश्वराचं देऊळ झरेश्वराच्या नावानं ओळखलंच जात नसे. पायऱ्या उतरल्यावर समोर एक छोटी घुमटी होती आणि तिच्यात शेंदरानं माखलेला पुरुषभर उंचीचा मारुती उभा होता. त्याचं नाव थांब्या मारुती. ज्या शहरात मारुतीला जिलबीवरून नाव मिळतं, तिथे यात नवल काही नाही. रंगरावांची कथा अशी, की मारुतीराय द्रोणागिरी घेऊन या वाटेनं चालले होते. खाली झरेश्वराची घंटा वाजली. मारुतीराय क्षणभर थांबले, त्या धक्क्यानं पर्वताचा एक टवका खाली पडला. त्या काळ्या दगडाचंच हे देऊळ झालं, आणि आपल्या हातून एवढा टवका उडाला म्हणून मारुतीराय इथे हात जोडून उभे राहिले. सांगून झाल्यावर रंगराव थोडे थांबत. बायका हात जोडत. पुरुष घड्याळ बघत, पण हात जोडत.

नव्वदनंतर पुणं जे धावायला लागलं, त्याची खबर रंगरावांना तेलावरून लागली. पूर्वी शनिवारी मारुतीला लोक वाटीत, पळीत, औषधाच्या बाटलीत तेल आणत. कुणी शेंगदाण्याचं, कुणी तिळाचं. हळूहळू प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. रिफाइंड सूर्यफूल. घराघरांत डॉक्टरांनी रिफाइंड सांगितलं होतं आणि जे घरात तेच देवाला. पाच-सहा वर्षांत मारुतीचं सगळं तेल कोलेस्टेरॉलमुक्त झालं.

दुसरी खबर बसची. हिंजवडीला जाणारी एका सॉफ्टवेअर कंपनीची पांढरी बस सकाळी पावणेआठला बोळाच्या तोंडाशी थांबू लागली, आणि कंपनीच्या कागदोपत्री त्या थांब्याचं नाव 'थांब्या मारुती' असंच पडलं. गळ्यात फोटो अडकवलेली मुलंमुली तिथे उभी राहत. काही जण पायऱ्या उतरून मारुतीला "व्हिसाचं बघ" म्हणून परत पळत. आम्रपाली मात्र रोज दहा मिनिटं आधी येई, उतरून सावलीला बसे आणि हात जोडत नसे.

ती नागपूरची. घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. रंगराव म्हणाले होते, "हात नको जोडू. दगड बघ. दगड सगळ्यांचे आहेत." त्या दिवसापासून ती रोज दहा मिनिटं देऊळ ऐकत होती. बावीस पिढ्यांत रंगरावांच्या घराण्याला असा श्रोता मिळाला नसेल, कारण ती प्रत्येक वाक्यानंतर एकच शब्द विचारायची, "कशावरून?"

"पांडव अज्ञातवासात होते ना काका? लपून बसलेली माणसं देऊळ कशाला बांधतील? तेही सोळा खांबांचं?"

"रात्रीत बांधलं म्हणून तर."

"कशावरून?"

"कोंबड्यावरून," रंगराव म्हणत, आणि तेवढ्यात बस येई. दुसऱ्या दिवशी ते प्राध्यापकांकडून शिकलेलं काहीतरी खरंखुरं शोधून तयार ठेवत. तिच्या त्या शब्दानं त्यांना राग येत नसे. उलट त्यामुळे माणसांची गोष्ट वाढत चालली होती आणि देवांची थोडी आखडत होती.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र रंगराव कुणालाच सांगत नसत. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. आधी चहाची बशी वाजायची, मग निरांजन हलू लागलं. निरांजनाचं निभावून नेता येतं, ज्योत तशीही हलतेच. पण मारुतीला शेंदूर लावायला हात स्थिर हवा; नाही तर डोळा गालावर येतो. एकदा तो आलाही होता. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी घुमटीचा पडदा ओढला जाई, बाहेर रंगराव पोथी घेऊन बसत आणि आत दुर्गाबाई शेंदूर लावत.

बाईनं मारुतीला हात लावायचा नाही, हे दुर्गाबाईंनाही माहीत होतं. पहिल्या शुक्रवारी त्या पडद्याआड जाऊन बराच वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" रंगरावांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही. त्यांना सांगतेय."

"काय सांगतेस?"

"की मी आजारी माणसाच्या वतीनं आलेय. नर्ससारखं समजा."

हे बाहेर कळलं असतं तर ट्रस्टला निमित्तच हवं होतं. ट्रस्ट म्हणजे तात्याराव. बुधवार पेठेत त्यांचं दुकान. वडिलांनी रेडिओचे व्हॉल्व्ह विकले, तात्यारावांनी टीव्हीचे अँटेना, आता मुलगा मदरबोर्ड विकत होता. काळ बदलला तरी दिलेला माल परत घ्यायचा नाही हा कुळधर्म तिन्ही पिढ्यांनी सांभाळला होता. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या डोक्यात एक पगारी पुजारी होता, रंगरावांची सेवा बंद करायची होती आणि जयपूरहून संगमरवरी मारुती आणायचा होता. सेवा सुटली की देवळामागच्या दोन खोल्याही सुटणार. खोल्यांचं रंगरावांना एवढं नव्हतं. मुलगा चिंचवडला चौथ्या मजल्यावर राहत होता आणि "या इकडे" म्हणून दर रविवारी फोन करत होता. फ्लॅट छान होता. दार बंद केलं की बाहेरचं काही ऐकू येत नसे. रंगराव एकदा तिथे चार दिवस राहून आले होते आणि चौथ्या दिवशी त्यांनी लिफ्टमनला गर्भगृह आणि अंतराळ यांतला फरक समजावून सांगितला होता. तो भला माणूस, दोन वेळा वरखाली होईपर्यंत ऐकत होता. पण लिफ्टमध्ये दाखवणार काय?

अशात दोन हजार एक सालचा मे उजाडला. गुरुवारी दुपारी तीनचा सुमार. देवळात कुणी नव्हतं. दुर्गाबाई ओटा पुसत होत्या आणि रंगराव खांबाला टेकून डुलकी काढत होते. घुमटीतून आधी बारीक, पापड मोडल्यासारखा आवाज आला. मग धप्प झालं.

दोघं धावत गेले. मारुतीच्या पायाशी मारुती पडला होता. बोटभर, कुठे वीतभर जाडीचं शेंदराचं अखंड कवच, त्यात नाक, डोळे, जोडलेले हात, शेपटीचं वळण सगळं जसंच्या तसं, मधोमध चिरून खाली आलं होतं. आणि घुमटीत एक काळा, ओलसर दगड उघडा उभा होता.

दुर्गाबाईंनी आधी पडदा ओढला, मग रडायला सुरुवात केली. "माझा हात लागला म्हणून झालं. मी म्हटलं होतं तुम्हाला."

रंगरावांनी कवचाचा एक तुकडा उचलला. बाहेरचे थर लोण्यासारखे मऊ होते. बोट आत जात होतं.

"अगं, शेंदूर कशात कालवत होतीस?"

"तेलात. तुम्हीच सांगितलंत."

"कुठल्या तेलात?"

"हेच की, लोक आणतात ते. पिशव्याच्या पिशव्या पडून असतात. वाया कशाला घालवायचं?"

रंगरावांनी तेलकट बोट नाकाशी नेलं. मारुतीचा शेंदूर जवसाच्या तेलात कालवायचा असतो. तेही उकळून गार केलेल्या. ते वाळून दगडासारखं होतं. रिफाइंड वाळतच नाही. चार वर्षं थरावर थर ओलेच राहिले, तेल चिरांमधून मागे झिरपलं, उन्हानं पातळ झालं आणि शेवटी आपल्या वजनानं पिढ्यांचा शेंदूर घेऊन खाली आलं. हे जवसाचं त्यांना वडिलांनी सांगितलं नव्हतं. नुसता हात धरून करून घेतलं होतं. त्यामुळे त्यांच्याकडूनही सांगायचं राहून गेलं. बत्तीस वर्षं दिसेल त्या माणसाला बसवून सांगणाऱ्या रंगरावांनी बायकोला सांगायची एकच गोष्ट होती, ती सांगितली नव्हती.

"तुझा हात नव्हे," ते म्हणाले. "माझं तोंड. रडू नकोस."

मग त्यांनी दगडाकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. हे मारुतीराय नव्हते. दगडावर एकावर एक तीन चौकटी कोरल्या होत्या. अकरा दिवस टेप धरलेल्या माणसाला त्या ओळखायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी आम्रपाली कंपनीच्या बसमधून उतरली, तेव्हा रंगराव पायरीवरच उभे होते. त्यांनी तिला खाली बोलावलं आणि पडदा बाजूला केला.

"हा वीरगळ आहे," ते म्हणाले. "खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत बघ, हा तलवार घेतलेला माणूस. समोर घोड्यावर दोघं."

"आणि मागे गाई," आम्रपाली म्हणाली. "चार. नाही, पाच. एक वासरू आहे."

"गाई पळवायला आले होते. हा आडवा गेला. मधल्या चौकटीत बघ, दोन अप्सरा त्याला धरून वर नेताहेत. म्हणजे मेला. वरच्या चौकटीत महादेवाच्या पिंडीपुढे बसलाय. पोचला."

आम्रपाली बराच वेळ बघत होती. "म्हणजे हा देव नाही. साधा माणूस आहे."

"साधा. राजा असता तर छत्र असतं डोक्यावर."

"नाव काय त्याचं?"

"लिहिलेलं नाही."

"मग शनिवारी काय सांगणार, काका?"

त्याचाच विचार रंगराव दुपारपासून करत होते. मार्ग सोपा होता. उद्या शुक्रवार. पडदा ओढायचा, जवसाचं तेल आणायचं आणि दुर्गाबाईंनी एका दिवसात पुन्हा मारुती उभा करायचा. शनिवारी थोडा बारीक दिसला असता, पण मे महिन्यात सगळेच बारीक होतात. तसं झालं असतं तर सेवा राहिली असती, खोल्या राहिल्या असत्या आणि तोंडची कथाही राहिली असती.

दुर्गाबाईंनी सरळ नाही म्हटलं. "मी नाही लावणार."

"अगं, चार वर्षं लावलास ना?"

"तेव्हा मला मारुती दिसत होता. आता हा दिसलाय." त्यांनी पडद्याकडे हात केला. "मारुतीराय ब्रह्मचारी, तरी हात लावताना जीव खालीवर व्हायचा. हा तर चांगला संसारी, गाईगुरं असलेला परका माणूस. त्याला मी तेल लावू? त्याची बायको काय म्हणेल?"

"ती सातशे वर्षांपूर्वी गेली."

"म्हणून काय झालं," दुर्गाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

रंगराव पुन्हा जाऊन दगडापुढे बसले. गाईंकडे बघता बघता त्यांना सर्जेराव आठवला. मुळशीच्या रस्त्यावरच्या एका गावातला हा शेतकरी. त्याच्याकडे गाय व्याली की पहिल्या दुधाचा तांब्या घेऊन तो इथे यायचा आणि थांब्या मारुतीच्या पायाशी ओतायचा. त्याचा बापही यायचा. मारुतीला कुणी चिकाचं दूध घालत नाही, तेल घालतात. रंगरावांना ते नेहमी खटकायचं, पण खेड्यातली रीत म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. त्यांनी सर्जेरावाला कितीतरी वेळा द्रोणागिरीची कथा मात्र ऐकवली होती.

शुक्रवारी सकाळी ते पीएमटीच्या बसनं सर्जेरावाच्या गावी गेले. वाटेत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि शेतांत पाट्या होत्या. सर्जेरावाचीही जमीन गेली होती. गोठ्यात दोन गाई उरल्या होत्या आणि गोठ्यापलीकडे कंपनीचं कुंपण होतं.

"या की गुरव," सर्जेराव म्हणाला. "आज इकडं वाट चुकला जनू."

रंगरावांनी टेकता टेकताच विचारलं, "सर्जेराव, तुम्ही मारुतीला दूध का घालता?"

"मारुती कोन? आमी त्याला मारुती न्हाई म्हनत. दादा म्हनतो."

"दादा?"

"गाईवाला दादा. आमची गुरं वळवून आनली त्यानं, आन् तितंच पडला. कवाची गोष्ट, काय म्हाईत. म्हातारा सांगायचा. म्हून पयलं दूध त्याचं."

रंगराव पुढे सरकले. "मग इतकी वर्षं माझी ती पर्वताची कथा ऐकत होतात, तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी सांगत व्हता," सर्जेराव म्हणाला. "इचारलं कुटं?"

परतीच्या बसमध्ये रंगराव खिडकीशी बसून होते. बावीस पिढ्या राहू देत, आपल्या एका पिढीत आपण किती माणसांना बसवून घेतलं आणि त्यांतल्या किती जणांना काही विचारलं, याचा ते हिशेब करू बघत होते. तो फार लांबला नाही.

शनिवारी सकाळी पडद्यापुढे तेलाच्या पिशव्या घेऊन पन्नास-साठ माणसं जमली. आम्रपालीला सुट्टी होती, तरी ती आली होती. बसची वाट न बघता ती पहिल्यांदाच तिथे उभी होती. तात्यारावही आले. कुणीतरी त्यांना दोन दिवस पडदा बंद असल्याचं कळवलं होतं.

"रंगराव, देव आजारी आहेत का?" त्यांनी पायरीवरूनच विचारलं. "का दुपारी एक ते चार पाळायला लागलेत?"

"सांगतो," रंगराव म्हणाले आणि त्यांनी पडदा सरकवला.

लोक टाचा उंचावून बघू लागले. मग मागून एक बाई म्हणाली, "मारुती कुठाय?"

रंगरावांनी सांगायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवांच्या गोष्टीपासून सुरुवात केली नाही. त्यांनी हातापासून केली. उजवा हात पुढे धरून दाखवला, तो सगळ्यांसमोर थरथरत होता. मग शेंदूर कोण लावत होतं ते सांगितलं, तेव्हा दुर्गाबाई खांबाआड झाल्या. मग रिफाइंडचं सांगितलं, तेव्हा पाच-सहा जणांनी आपल्या हातातल्या पिशव्या पाठीमागे नेल्या. मग घोडेस्वार, गाई, वासरू, अप्सरा आणि पिंड. शेवटी सर्जेरावानं सांगितलेलं जसंच्या तसं.

"आणि ती पर्वताची कथा?" एका गृहस्थानं विचारलं. "ती मी माझ्या मुंजीपासून ऐकतोय."

"ती वडिलांनी मला सांगितली होती. मी तुम्हाला सांगितली. दगडानं सांगितलेली नाही."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं कुणाला नमस्कार करत होतो?" ती मघाचीच बाई.

"एका माणसाला," रंगराव म्हणाले. "दुसऱ्यांच्या गाईंसाठी मेलेल्या. तुमचा नमस्कार काही वाया गेलेला नाही, बाई. पत्ता फक्त चुकला होता."

"माझ्या मुलीला इथे बोलल्यावर व्हिसा मिळाला," एकजण म्हणाला. "तो यानं दिला?"

"अमेरिकेच्या वकिलातीनं दिला," मागून कुणीतरी बोललं. लोक हसले.

तात्याराव हसले नाहीत. ते पुढे येऊन वीरगळासमोर उभे राहिले. चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी दगड जवळून पाहिला.

"रंगराव, चार वर्षं ट्रस्टला अंधारात ठेवलंत."

"ठेवलं."

"घरच्या बाईला मारुतीला हात लावायला लावलंत."

"लावलं."

"आणि पुन्हा शेंदूर फासून आजही ठेवता आला असता अंधारात. मग का नाही ठेवलंत?"

रंगरावांनी दगडाकडे पाहिलं. ते म्हणाले, "एकदा वाचता आला ना, तात्याराव. मग कसा झाकायचा?"

तात्यारावांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते कुणाला कळलं नाही. "मी गोल बोलत नाही," ते म्हणाले. "पूजा तुमच्याकडून काढून घ्यावी लागेल. या हातानं निरांजन पेटतं ठेवणं धोक्याचं आहे. पुढच्या महिन्यापासून पगारी माणूस येईल. जयपूरचा मारुतीही येईल. शनिवारी एवढी माणसं तेल घेऊन येतात, त्यांना घालायला जागा हवी. तो त्या पलीकडच्या कोपऱ्यात बसवू."

रंगरावांनी मान खाली घातली. मागे दुर्गाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. चिंचवडच्या चौथ्या मजल्यावर कोणती भांडी न्यायची आणि कोणती ठेवायची, एवढा विचार तेवढ्या वेळात त्यांच्या मनात येऊन गेला असेल.

"काका," आम्रपाली तात्यारावांना म्हणाली, "आणि हा दगड कोण सांगणार?"

"तुम्ही कोण?"

"मी बसस्टॉपवरची."

तात्यारावांनी तिच्याकडे, मग गर्दीकडे पाहिलं. गर्दी अजून हललेली नव्हती. दोन पोरं खालच्या चौकटीतल्या गाई मोजत होती आणि पाच की सहा यावर भांडत होती. एक आजोबा अप्सरेकडे जरा जास्तच निरखून पाहत होते. कुणालाही घरी जायची घाई दिसत नव्हती, आणि शनिवार सकाळच्या साडेनवाला पुण्यात हे सहसा घडत नाही.

"पगारी माणूस पूजा करेल," तात्याराव सावकाश म्हणाले. "सांगणार नाही. त्याला दोन जागी ड्यूटी आहे. आणि मला विचाराल तर यातला घोडा कुठला आणि गाय कुठली हे मला चष्मा लावूनही कळलेलं नाही." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "रंगराव, खोल्या राहू द्या. तुम्ही इथे बसायचं आणि सांगायचं. पण एक अट आहे. जे दगडात आहे तेवढंच."

"आणि पांडव?" रंगरावांच्या तोंडून गेलं.

"पांडवांना आता विश्रांती द्या. त्यांनी पुष्कळ बांधलं."

असं रंगरावांचं ठरलं. पगारी पुजारी आला. तरणाबांड, सायकलवरून यायचा, आरती चार मिनिटांत उरकायचा आणि दुसऱ्या ड्यूटीला जायचा. जयपूरचा मारुती आला, गोरापान, लोक त्याला तेल घालू लागले आणि तात्यारावांनी त्याच्याखाली स्टीलचा ट्रे ठेवला. बस 'थांब्या मारुती'लाच थांबत राहिली. तिला बदल कळवायचं कुणाला सुचलं नाही. पहिल्या शुक्रवारी दुर्गाबाईंना दुपारी काय करावं हे सुचेना, तेव्हा त्यांनी ओला फडका घेतला आणि दगडातल्या चिरांत अडकलेला शेंदूर काडीनं काढत बसल्या. चौकटीच्या कडेनं एक कुत्रं निघालं. ते रंगरावांनाही दिसलं नव्हतं.

"हे नीट सांगा हं," त्या म्हणाल्या. "गाईंच्या मागं पळतंय. सोडून नाही गेलं."

सकाळी आठनंतर रंगराव वीरगळाशेजारी स्टुलावर बसू लागले. हात मांडीवर ठेवलेला असे. थरथरला तर थरथरू देत. पांडव सोडल्याची हळहळ त्यांना काही दिवस वाटली, विशेषतः कोऱ्या सोळाव्या खांबापाशी. तिथे कथा जिभेवर येई आणि ते ती गिळत.

आषाढात औरंगाबादहून एक कुटुंब आलं होतं, आईवडील, दोन मुली आणि एक आत्या. आत्याबाईंनी तिन्ही चौकटी नीट समजून घेतल्या, कुत्रं पाहिलं आणि विचारलं, "नाव काय होतं हो यांचं?"

"माहीत नाही," रंगराव म्हणाले.

"असं कसं? इतकं सगळं सांगितलंत, नाव नाही माहीत?"

"नाही."

"आणि तो खांब कोरा का राहिला?" धाकट्या मुलीनं विचारलं.

"तेही नाही माहीत. कारागीर आजारी पडला असेल. युद्ध आलं असेल. तुला काय वाटतं?"

मुलगी विचारात पडली. रंगराव स्टुलावरून उठले आणि तिचं ऐकण्यासाठी जरा वाकले. आत्याबाई मागे येत होत्या, त्यांना ते म्हणाले, "इकडून या. खाली बघून चाला, तो दगड जरा झिजलाय."